बाबांचं न घातलेलं पायताण (तुमच्याकडं काय काय राखून ठेवलंय?)

उभामारुती_८६ (रविवार, रात्री १०:४०)

मंडळी लई दिवसांनी धागा काढालोय, चुकलं माकलं तर सांभाळून घ्या.

वडील जाऊन आठ महिने झाले. त्यांचं कपाट आईनं अजून उघडलं नव्हतं, परवा म्हणाली तूच रिकामं कर बाबा, माझ्याच्यानं होत नाही. मग आज दुपारी जेवण झाल्यावर बसलो. वरच्या खणात फायली, विजेची बिलं (१९९८ पासनंची, क्रमानं लावलेली), दोन घड्याळं, एक बंद. खालच्या खणात मागं सारून ठेवलेला एक खोका. मला वाटलं जुनी कागदपत्रं असतील. उघडलं तर पेपरात गुंडाळलेलं कापशी पायताण, आपली करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल. नवं कोरं. पेपर बघितला तर २०११ चा.

मग सगळं आठवलं. चप्पल लाइनला आम्ही दोघं गेल्तो, माप देऊन करून घेतलेलं, न्यायला गेलो त्या दिवशी बाबांनी दुकानातच दोन पावलं टाकली, मान तिरकी करून करकर ऐकली आणि म्हणाले, "तुझ्या लग्नात घालतो." दुकानदार पण हसला.

माझं लग्न २०१४ ला झालं, मे मध्ये. सकाळीच वळीव कोसळला, चामडं भिजंल म्हणून बाबांनी बूट घातले. मग बहिणीचं लग्न, तेव्हा म्हणे हॉलबाहेर चोरीला जातंय. मग माझ्या पोराचं बारसं, म्हणे घरच्या घरात कशाला. मग गुडघे सुरू झाले. शेवटी शेवटी म्हणायचे नातवाच्या मुंजीला घालतो. रोज पायात काय, तर रबरी स्लीपर, ती पण अंगठ्यापाशी झिजून कागद झालेली.

खोक्यातनं काढलं तर लाकूड झालंय नुसतं. डाव्याची वेणी एका जागी तडकलीय. वाकवायला गेलो तर कट्टदिशी आवाज आला, तसंच खाली ठेवलं. किती वेळ फरशीवर बसून होतो काय माहीत, बायको येऊन लाइट लावून गेली.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक म्हणजे तुमच्या घरात असं काय काय राखून ठेवलंय. आणि दुसरं, वाळलेलं पायताण मऊ करायची काय युक्ती असंल तर सांगा.

---

पेठेतला_पप्या

भावा झोपायच्या टायमाला रडवलंस की.

आमच्यात अत्तर. मामानं दुबईहून आणलेलं, आईनं कपाटात ठेवलं, चांगल्या कार्यक्रमाला लावू म्हणून. आमच्या घरात चांगला कार्यक्रम म्हणजे काय हे कोणालाच माहीत नाही, साखरपुडा आला तर म्हणे लग्नाला लावू आणि लग्न आलं तर म्हणे गर्दीत कोणाला कळतंय. मागच्या दिवाळीत हट्टानं बाहेर काढलं तर बाटलीत काय नाहीच, तळाला पिवळा डाग तेवढा. झाकण घट्ट, सांडलं पण नाही, उडून गेलं आपोआप. आई म्हणाली कोणीतरी वापरलंय गुपचूप. अजून संशय माझ्यावरच हाय.

पायताणाला तेल लाव. सध्या एवढंच सुचतंय.

---

चिखलीकर_सूनबाई

दादा, वाचून गलबलून आलं.

मी प्रयाग चिखलीची. आमच्याकडं राखून ठेवलेल्याचं काय झालं ते २०१९ च्या ऑगस्टला बघितलंय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला धोका पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ च्या वर गेलेलं, हायवे बंद, आमचं अख्खं गाव बाहेर काढलं. निघताना दहा मिनिटं मिळाली. दहा मिनिटांत माणूस काय उचलतं बघा. सासूबाईंनी देव घेतले, मी पोरांची दप्तरं आणि गॅसचं पुस्तक घेतलं (गॅसचं पुस्तक का, ते मला आजपण सांगता येत नाही), नवरा म्हशी सोडवत होता.

सासूबाईंची ट्रंक माळ्यावर होती. माळ्यावर पाणी येत नाही हा आमच्या घरातला पिढ्यान्‌पिढ्याचा विश्वास. त्यात त्यांच्या लग्नातली पैठणी, आहेराची न मोडलेली लुगडी, काचेचा बाऊल सेट, मी माहेरनं आणलेल्या दोन उंची चादरी "पाहुणे आल्यावर" घालायच्या. परत आलो तेव्हा ट्रंकेत चिखल. पैठणीची जर काळी पडलेली, एका साडीचा रंग दुसरीला लागलेला, वास तर विचारू नका. सासूबाई पैठणी हातात धरून म्हणाल्या, "दोनदा नेसली गं फक्त." रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यातलं धड राहिलेलं एक लुगडं धुऊन, वाळवून, नेसून त्या जनावरांचं शेण काढायला गेल्या. मी म्हटलं आत्या, अहो आहेराचं आहे. तर म्हणाल्या, मग शेणाला काय कमी मान आहे होय.

काचेचे बाऊल मात्र सगळे शाबूत निघाले. आता रोज त्यात आमटी. आठातले तीन पोरांनी फोडले, ते जाऊ दे.

---

पेठेतला_पप्या

"शेणाला काय कमी मान आहे होय" 🙏 आत्यांना साष्टांग.

---

हिशेबी_माणूस

मी जरा उलटं बोलणार आहे, राग मानू नका.

असला धागा निघाला की सगळे भावुक होतात आणि चौथ्या प्रतिसादाला कोणीतरी "आयुष्य छोटं आहे, आजच जगून घ्या" म्हणतंय. म्हणायला सोपं. माझे वडील शिरोलीला फाउंड्रीत होते, मोल्डिंगला. कामाचे दोन शर्ट आणि बाहेरचा एक. बाहेरचा शर्ट त्यांनी अकरा वर्षं वापरला, म्हणजे राखून ठेवला म्हणूनच अकरा वर्षं टिकला. आम्ही तीन भावंडं शिकलो ती त्या शर्टावर. त्यांनी तेव्हा आजचा दिवस जगायचा ठरवला असता तर मी आज ऑफिसात एसीत बसून हा प्रतिसाद टाइप करत नसतो. पुढच्या महिन्याचा पगार पक्का असला की मगच माणसाला असले विचार सुचतात.

आणि उधारीवर जगून घेणारे पण बघितलेत आमच्या गल्लीत. ऋण काढून सण. फ्लॅटचा हप्ता, गाडीचा हप्ता, गोव्याचा पण हप्ता. गोवा दोन दिवसांत संपलं, हप्ता अजून चालू आहे.

---

उभामारुती_८६

@हिशेबी, राग कशाचा. बरोबर आहे तुमचं. आमचे बाबा पण तसलेच, त्यांच्या काटकसरीवरच हे घर उभं राहिलंय. पण पायताणाचे पैसे तर २०११ लाच देऊन झालेले ना हो. ते न घालून एक रुपया पण वाचला नाही. तेच मला उमगेना झालंय.

---

हिशेबी_माणूस

हे मात्र खरं. याला उत्तर नाही माझ्याकडं.

एक सांगायचं राहिलं. एवढे चिकट वडील, पण रविवारी सकाळी मटणाच्या लाइनीत सातला उभे. दोन तास लागले तरी चालंल. तांबडा-पांढरा स्वतः करायचे, आईला स्वयंपाकघरात येऊ द्यायचे नाहीत, आणि पांढऱ्याची पहिली वाटी गॅसपाशीच उभ्या उभ्या डोळे मिटून प्यायचे. त्या वेळी हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. आज हे लिहिताना आठवलं.

---

गुऱ्हाळवाला

आमच्याकडं राखून ठेवायची सोयच नाही त्यामुळं सांगतो.

गूळ करताना काहिलीत रस उकळत असतो, भेंडीचं पाणी टाकून मळी काढून झालेली असते, चुलवणाला चिपाडाचा जाळ. तासन्‌तास काय होत नाही. बघणारा माणूस कंटाळून मोबाइल काढतो. आणि मग एकदम रंग फिरतो, बुडबुडा बदलतो, वास बदलतो. गुळव्या पळीतला थेंब गार पाण्यात सोडतो, बोटानं चाचपतो. गोळी झाली की ओरडतो, उतरा. त्या वेळी जो तिथं आहे तो आहे. मिनिटभर लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, गिच्च राहतोय, आणि उशीर झाला तर करपट, काळा, भाव पडलाच म्हणून समजा. आमच्या गुळव्याचं वय साठच्या वर, थर्मामीटर दिला तर त्यानं तो खिशात घालून ठेवला, म्हणे ताप आला की बघतो.

तर शहरातली पाहुणी येतात, ऊस खातात, रस पितात, शंभर फोटो काढतात. वाफ्यात ओतल्यावर कडेचा गरम गूळ खायची वेळ आली की त्यांना फोटोला उजेड बरोबर मिळत नसतो. तोवर गार. गार गूळ तर दुकानात पण मिळतोय की, त्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं.

दसरा-दिवाळीनंतर कधी पण या, काकवी देतो, पण मोबाइल गाडीत ठेवायचा.

---

सांजवेळ_रंकाळा

@गुऱ्हाळवाला, मोबाइलचं तुम्ही काढलंच म्हणून माझी चूक कबूल करते.

अंबाबाईचा किरणोत्सव. जन्म कोल्हापुरातला, महाद्वारापासनं चालत दहा मिनिटांवर घर, आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत एकदा पण बघितलेला नाही, कारण दर वर्षी असतोच की. ९, १०, ११ नोव्हेंबर, आणि हुकलं तर ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी किरणं देवीच्या पायाशी, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी तोंडावर. सगळं पाठ. बघितलेलं काय नाही.

मग ठरवून गेले. पहिल्या वर्षी ढग. दुसऱ्या वर्षी हवेत बाष्प का धूळ काय ते, किरणं वाटेतच फिकी पडली. तिसऱ्या वर्षी गर्दीत घुसून आत जागा मिळवली. मावळतीचं ऊन महाद्वारातनं आत आलं, गरुड मंडपातनं सरकत सरकत पुढं, लोकांचा आवाज हळूहळू बंद झाला, आणि मी काय केलं? मोबाइल काढला. पुढच्या माणसाचं डोकं आडवं येत होतं म्हणून हात वर केला, झूम केलं, फोकस हलला, परत केलं. काही मिनिटांचा तर खेळ. मान वर केली तोवर उजेड निघून गेलेला आणि घंटा वाजायला लागलेल्या.

व्हिडिओ आहे माझ्याकडं. त्यात देवी पांढऱ्या डागासारखी दिसते आणि एका काकांचं टक्कल छान आलंय.

शेजारी एक म्हातारी होत्या, माझ्या खांद्याला धरून उभ्या. बाहेर येताना मला म्हणाल्या, "बघितलंस काय गं, नथ कशी लकाकली?" मी हो म्हटलं. खोटं बोलले, ते पण देवळात.

---

पेठेतला_पप्या

ताई, ते काका आमचे चुलते असण्याची दाट शक्यता हाय 😂

चला, एवढं सगळं वाचून मी एक ठरवलंय. उद्या संध्याकाळी गंगावेशला कट्ट्यावर या सगळे, म्हशीचं धारोष्ण, डोळ्यांदेखत पिळलेलं, ग्लासावर फेस. ते तर राखून ठेवताच येत नाही. निम्मं शहर लहानपणापासनं पितंय, पण मी गेलो नाही त्याला सहा वर्षं झाली, आणि घर तिथनं पाच मिनिटं.

---

जनावरांची_डॉक्टरीण

मजा बिघडवायला आले, सॉरी. पण हे माझं कामच आहे.

कच्च्या दुधातनं ब्रुसेल्लोसिस होऊ शकतो, क्षयरोग पण. ब्रुसेल्लोसिसचा ताप येतो जातो, सांधे धरतात, महिनोन्‌महिने माणसाला कळतच नाही काय झालंय. म्हैस वरनं ठणठणीत दिसते. मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात लस देतात, पण सगळ्यांना पोचते असं नाही. गरोदर बायका, लहान पोरं, म्हातारी माणसं यांनी तर अजिबात नको. आयुष्य छोटं आहे हे मान्य, ते आपल्या हातानं आणखी छोटं करायला नको.

कट्ट्यावर जा, गप्पा मारा, दूध घरी आणून उकळा.

---

पेठेतला_पप्या

डॉक्टर मॅडम, आमच्या आजोबांनी ८८ वर्षं प्यालं.

---

जनावरांची_डॉक्टरीण

ज्यांना झेपलं नाही त्यांचे नातू इथं प्रतिसाद द्यायला नसतात हो.

---

पेठेतला_पप्या

काटा किर्र. शरण. उकळून पितो.

---

निवृत्त_मास्तर

धागा आवडला. थोडा इतिहासाचा तास घेतो, सवय जात नाही.

क्षणात जगायचं की पुढचं बघायचं, हा वाद कोल्हापूरकरांनी घालूच नये असं मला वाटतं, कारण आपल्यासमोर शाहू महाराज आहेत. १८७४ चा जन्म, १९२२ च्या मे महिन्यात गेले. वयाची ४८ पूर्ण नाहीत. राज्यकारभार हातात आला १८९४ ला, म्हणजे मिळाली ती २८ वर्षं. त्यात १९०२ चा ५० टक्के आरक्षणाचा हुकूम, १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, आणि राधानगरीचं धरण, जे त्यांच्या हयातीत पुरं झालंच नाही, स्वातंत्र्यानंतर झालं. आपण ज्याचं पाणी पिणार नाही ते धरण माणूस बांधायला घेतो.

आणि हाच माणूस शिकारीचा शौकीन, कुस्तीचा वेडा. १९१२ ला खासबागचं मैदान केलं ते असं की बसल्या जागेवरनं आखाडा सगळ्यांना दिसावा. कुस्ती निकाली निघते ती एका डावात, पापणी लवली की संपलं. ते बघायला मिळावं म्हणून एवढं मोठं बांधकाम. मला हे दोन्ही एकाच माणसात बघून नवल वाटत आलंय, वर्गात पण सांगायचो, पोरांना फक्त सालं लक्षात राहायची.

---

चिखलीकर_सूनबाई

सर, सगळं मान्य, महाराजांना मुजरा. पण राधानगरीचे ते सात दरवाजे आपोआप उघडले की आमच्या पोटात गोळा येतो हो. त्या टायमाला पुढचं मागचं काय सुचत नाही, नुसता बंधाऱ्याचा आकडा.

---

निवृत्त_मास्तर

खरं आहे ताई. ही बाजू मी वर्गात कधी सांगितली नाही.

---

नवा_गडी_२४

एवढा मोठा धागा, पायताण मऊ करायचं कोणी सांगितलंच नाही 😄

---

गुऱ्हाळवाला

आमच्यात एरंडेल लावतात. नसलं तर खोबरेल. आतनं बाहेरनं चोळायचं, सावलीत ठेवायचं, उन्हात अजिबात नाही, पाण्यात तर मुळीच बुडवू नका. दोन-चार दिवस रोज. पण खरं म्हणाल तर पायताण तेलानं निम्मं मऊ होतंय आणि निम्मं पायानं. घातल्याशिवाय ते मऊ पडतच नाही. पहिले आठ दिवस चावणार, ते सोसायचं. तडकलेली वेणी कारागिराकडनंच करून घ्या, घरी फेव्हिक्विक लावायला जाऊ नका.

---

उभामारुती_८६ (पुढचा रविवार, रात्री ९:१५)

मंडळी, अपडेट देतोय. सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. शेणाचं ऐकून ती चक्क हसली, आठ महिन्यांत पहिल्यांदा. आणि मग स्वतः उठून तिच्या कपाटातनं नवा कोरा नॅपकिन सेट काढला, २००३ चा, आहेराची चिठ्ठी तशीच लावलेली. आज पोळ्या त्यात गुंडाळलेल्या.

पायताण चप्पल लाइनला घेऊन गेल्तो. ज्यांनी केलं ते कारागीर आता नाहीत, त्यांचा मुलगा बसतोय. त्यानं हातात घेऊन वळवून बघितलं, शिलाईवरनं अंगठा फिरवला आणि म्हणाला, वडलांच्या हातचं आहे. मी म्हटलं, माझ्या पण वडलांचंच आहे. मग दोघं पण जरा गप्प. डाव्याची वेणी नवी घातली त्यानं, उजव्याला तेल पाजलं, चार दिवसांनी बोलावलं. पैसे घेताना म्हणाला माप तुमचं नाही, अर्धा बोट मोठं पडंल. म्हटलं पडू दे.

आज संध्याकाळी घातलं आणि उभ्या मारुतीपासनं रंकाळ्यापर्यंत चालत गेलो. करकर एवढी की भेळ खाणारी माणसं वळून बघायला लागली. पहिल्यांदा लाज वाटली, मग चाल आपोआप बदलली, बाबांसारखी जरा फाकून. पाणी उतरल्यामुळं तळ्यातला संध्यामठ अर्धा वर दिसत होता. बसलो थोडा वेळ. फोटो काढला नाही, @सांजवेळ ताई, तुमची आठवण आली.

परत येईपर्यंत अंधार पडलेला. जिना चढून वर आलो, दार लोटलेलंच होतं. आई आत स्वयंपाकघरात, पाठमोरी. पायताणाचा आवाज आला तशी मागं न बघता म्हणाली, "आलासा?"

मला ती आयुष्यात कधी "आलासा" म्हणालेली नाही. मला "आलास काय रे" म्हणते.

मी तसाच दारात उभा. तिनं पण मागं वळून बघितलं नाही, कढईखालचा गॅस बारीक केला फक्त. मग मी म्हटलं, हां, आलो. आणि पायताण काढून दाराशी ठेवलं, कपाटात नाही.

डाव्या पायाला हा एवढा फोड आलाय. त्यावर काय लावू ते सांगा.

---

जनावरांची_डॉक्टरीण

फोडू नका. स्वच्छ धुऊन, कोरडं करून पट्टी लावा. शुगर असली तर उद्याच डॉक्टरला दाखवा, माणसांच्या.

---

पेठेतला_पप्या

आणि परवा दिवशी परत घाल भावा. दुखू दे.